स्थळ परदेशातलं : लग्न, व्हिसा आणि नागरिकत्व यांच्या गुंत्यातून वाट काढताना

"पोरगा सिटीझन हाय, सर. पोरगी गेली की तिलाबी लगेच कार्ड मिळतंय म्हणत्यात."

कोल्हापूरच्या शाहूपुरीत मी कागदपत्रांचं भाषांतर करतो आणि व्हिसाचे फॉर्म भरून देतो. मुलीचे वडील टेबलापलीकडे बसून साडीच्या दुकानाच्या पिशवीतून बायोडाटा काढत होते. बायोडाटा गुळगुळीत कागदावर छापलेला, वर गणपती, खाली पगार डॉलरमध्ये. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : 'ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये'. म्हणजे मुलगा सिटीझन नव्हता आणि ग्रीन कार्डवालाही (अमेरिकेत कायम राहायचा परवाना असलेला) नव्हता. तो एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर तिथं काम करत होता. मुलाकडच्यांनी खोटं काहीच छापलं नव्हतं. मधल्या मामांनी सांगताना 'प्रोसेस' गाळली, आणि इथं पोचेपर्यंत तिचं 'सिटीझन' झालं.

असे गैरसमज मी रोज ऐकतो. म्हणून स्थळ बघण्यापासून नातवंडाच्या जन्मदाखल्यापर्यंत, ज्या क्रमाने प्रश्न येतात त्याच क्रमाने लिहितो. मी वकील नाही. घटस्फोट, आधीचा नकार किंवा मुदतीपेक्षा जास्त राहणं असलं काही प्रकरणात असेल तर त्या देशातल्या परवानाधारक वकिलाची फी वाचवू नका.

आधी तीन शब्द वेगळे करा

व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. स्टेटस म्हणजे आत गेल्यावर कोण म्हणून आणि किती दिवस राहायचं ते. नागरिकत्व ही तिसरीच गोष्ट, आणि ती लग्नाने आपोआप मिळत नाही. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि आपला भारत, चारही ठिकाणी हेच आहे. लग्नामुळे फक्त अर्ज करायचा हक्क येतो किंवा वाट थोडी जवळची होते.

व्हिसा आणि स्टेटस यांत भलेभले गडबडतात. अमेरिकेच्या पासपोर्टवरच्या स्टिकरची मुदत संपली म्हणून आत असलेला माणूस बेकायदा ठरत नाही. त्याने किती दिवस राहायचं ते आय-९४ नावाच्या नोंदीवर असतं, आणि ती इंटरनेटवर बघता येते. उलटंही तितकंच खरं. स्टिकर दहा वर्षांचा आहे म्हणून आईबाबांना सलग वर्षभर राहता येत नाही. आय-९४वर सहा महिने असतील तर सहाच महिने. मुदतीपेक्षा १८० दिवसांहून जास्त राहून मग देश सोडला तर तीन वर्षं परत प्रवेश नाही, आणि वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर दहा वर्षं नाही.

स्थळ आलं की काय विचारायचं

पगार, फ्लॅट, गाडी हे आपण बिनदिक्कत विचारतो. स्टेटस विचारायला मात्र लाजतो. लाजू नका. मुलगा (किंवा मुलगी, आता तीही स्थळं येतात) यांपैकी नेमका कशात बसतो ते विचारा.

एच-१बीवर असेल तर बायकोला एच-४ मिळतो. एच-४वर शिकता येतं, पण नुसत्या त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. इथं इंजिनीअर झालेल्या किती मुली तिकडे जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून बर्फ बघत बसल्यात! २०१५पासून काही एच-४ बायकांना कामाचा परवाना मिळतो, पण साधारणपणे नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झालेला असला तरच. तेव्हा "ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये" ऐकलं की पुढचा प्रश्न हाच : "आय-१४० मंजूर झालाय का, आणि प्रायॉरिटी डेट कुठली?" ही तारीख म्हणजे रांगेतला नंबर. नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची रांग माणूस कुठल्या देशात जन्मला त्यावर ठरते. भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. प्रोसेसमध्ये असणं म्हणजे दोन वर्षंही असू शकतं आणि पंधराही.

ग्रीन कार्ड असेल तर तो कायमचा रहिवासी आहे, पासपोर्ट भारताचाच. त्याच्या बायकोसाठी वर्षाला ठरावीकच व्हिसा निघतात, त्यामुळे थांबावं लागतं. नागरिक असेल तर बायकोसाठी अशी संख्येची मर्यादा नाही. तरीही अर्ज, तपासणी, मुलाखत या सगळ्यात बराच काळ जातो. "गेल्या गेल्या" असं काही नसतं.

कागद दाखवायला सांगणं अपमानाचं नाही. आपण जमीन घेताना सातबारा बघतोच की.

लग्नाची तारीख : इथं मोठं नुकसान होतं

"ग्रीन कार्ड हातात येऊ दे, मग बार उडवू." शहाणपणाचं वाटतं ना? नोकरीतून ग्रीन कार्ड मिळणाऱ्याच्या बाबतीत हे बऱ्याचदा उलटं पडतं. कार्ड मंजूर व्हायच्या आधी लग्न झालेलं असेल, तर बायको त्याच अर्जाच्या आधाराने कार्ड घेऊ शकते, अगदी नवऱ्याच्या मागून गेली तरी. कार्ड मिळाल्यानंतर लग्न केलं, तर तिच्यासाठी नवा अर्ज भरावा लागतो आणि ती कार्डवाल्यांच्या बायकांच्या रांगेत शेवटी उभी राहते. महिन्याभराच्या फरकाने दोन-तीन वर्षांची ताटातूट होऊ शकते. मुलाचं कार्ड जवळ आलं असेल, तर गुरुजींना मुहूर्त विचारायच्या आधी त्याच्या कंपनीच्या वकिलाला तारीख विचारा.

दुसरा घोळ साखरपुड्याचा. अमेरिकी नागरिकाच्या वाग्दत्त वधूसाठी के-१ नावाचा व्हिसा आहे. तो फक्त नागरिकांना लागू आहे, ग्रीन कार्डवाल्यांना नाही. अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात, आणि तिकडे गेल्यावर ९० दिवसांत लग्न करावं लागतं. आपल्याकडे साखरपुडाच एवढा दणक्यात होतो की फोटोत हार, अक्षता, कधी मंगळसूत्रही दिसतं. मुलाखतीतल्या अधिकाऱ्याला हे लग्नच वाटलं तर के-१ अडकतो, कारण तो लग्न न झालेल्यांसाठी आहे. इथं विधिवत लग्न करणार असाल तर के-१च्या नादी न लागता सरळ पत्नीचा अर्ज भरलेला बरा.

आणि तिसरा सल्ला चहाच्या टपरीवर फुकट मिळतो : "टुरिस्ट व्हिसावर जायचं, तिकडंच लगीन करायचं, परत यायचंच न्हाई." राहायच्या इराद्याने जाऊन विमानतळावर 'फिरायला आले' असं सांगणं म्हणजे खोटी माहिती देणं. तो ठपका बसला तर पुढचे सगळे दरवाजे बंद होऊ शकतात. कागदापुरतं लग्न लावणाऱ्यांची गोष्ट तर याहून वाईट. अमेरिकेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. नंतर खरं लग्न केलं तरी कौटुंबिक अर्ज मंजूर होत नाही.

नोंदणी

लग्नपत्रिका, अल्बम आणि भटजींचं पत्र म्हणजे विवाह प्रमाणपत्र नव्हे. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची असते. उशीर झाला तरी होते, पण दंड भरावा लागतो. नमुना 'ड' भरायचा, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही घ्यायची, मग नमुना 'ई'मध्ये प्रमाणपत्र मिळतं. गुरुजींची सही लग्नाच्या दिवशीच घेऊन ठेवा. पुढच्या मुहूर्ताला ते कुठल्या गावात असतील याचा नेम नाही.

कोल्हापुरात इथं एक गंमत होते. शहराचं म्हणून ठरवलेलं मंगल कार्यालय कधी ग्रामपंचायतीच्या हद्दीत निघतं. हद्दवाढीचा वाद आपल्याला नवा नाही, पण तो आपल्याच दाखल्यावर येऊन बसतो. हॉल बुक करतानाच मालकाला विचारा, नोंदणी महापालिकेत होते की ग्रामपंचायतीत.

जोडीदार परदेशी नागरिक असेल, किंवा दोघांचे धर्म वेगळे असतील, तर १९५४चा विशेष विवाह कायदा बघा. त्यात ३० दिवसांची नोटीस लागते, आणि दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेल्या मुलाला हे ऐनवेळी कळतं आणि परतीचं तिकीट बदलावं लागतं.

दोघांपैकी कुणाचं हे दुसरं लग्न असेल, तर पहिल्या लग्नाचा कोर्टाचा हुकूमनामा हवा. पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेली काडीमोड फाईलमध्ये ठेवली, तर बहुधा अर्ज तिथंच अडतो.

नाव, नाव आणि नाव

माझ्या टेबलावरची निम्मी कामं नावांमुळे येतात. मराठी माणसाचं नाव तीन मजली : आपलं, वडिलांचं, आडनाव. लग्नात बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, आणि ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून पहिलंही बदलायची हौस काही घरांत अजून आहे. म्हणजे एका दुपारी माणूस कागदोपत्री पूर्ण नवा. त्यात कोल्हापूरच्या वडिलांची तऱ्हा : सातबारावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि सगळं गाव ओळखतं ते बाळासाहेब. पाटील हे साधं आडनाव. पण इंग्रजीत त्यात एक आय की दोन ई, यावर एकाच घरातल्या तीन भावंडांचे तीन पासपोर्ट मी पाहिले आहेत.

गैरसमज असा की लग्नानंतर पासपोर्टवर सासरचं नाव लावलंच पाहिजे, नाहीतर व्हिसा मिळत नाही. तसं काही नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र एवढ्यावर पत्नीचा अर्ज चालतो. नाव बदलायचंच असेल तर अर्ज भरायच्या आधी बदला, नाहीतर सगळं संपल्यावर. मध्ये अजिबात नको.

हे मी आमच्याच घरात शिकलो. माझ्या चुलत बहिणीचा व्हिसाचा फॉर्म माहेरच्या नावाने भरून झाला, फी भरली, मुंबईची तारीख मिळाली. तेवढ्यात एका एजंटाने सांगितलं, "नाव बदलून घ्या, वजन पडतं." आम्ही बदललं. नवा पासपोर्ट आला, त्यावर नवा नंबर, नवं नाव. फॉर्मवर मात्र सगळं जुनं. महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटं रद्द केली, फॉर्म पुन्हा भरला, तारीख नव्याने शोधली. काकू आजही त्या एजंटाचं नाव निघालं की पदर खोचते.

एका संध्याकाळी टेबलावर हे कागद ओळीने मांडा : जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पासपोर्ट आणि लग्न झालं असेल तर नमुना 'ई'. प्रत्येकावरचं नाव, आईवडिलांची नावं आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून बघा. जुन्या जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसतं, तो रकाना मोकळा असतो. नाव तिथं दाखल करून घेता येईल का, ते आधी विचारा. जन्माची नोंदच सापडत नसेल तर त्या कार्यालयाकडून अनुपलब्धतेचा दाखला घ्या आणि सोबत जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडा. वेगवेगळी नावं एकाच माणसाची आहेत हे दाखवायला राजपत्रातली प्रसिद्धी उपयोगी पडते. पासपोर्टाच्या किरकोळ दुरुस्तीला आता पुण्याला धावायला नको. कोल्हापुरातल्या पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, फाईल मात्र पुणे कार्यालयाच्या अखत्यारीत जाते. पोलिसांचं ना-हरकत प्रमाणपत्रही त्याच संकेतस्थळावरून मागायचं.

अपोस्टील म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारकडून घ्यायचा शिक्का. त्याबद्दल एवढंच : मागितलं असेल तरच करा. अमेरिकेच्या पत्नीच्या अर्जाला ते लागत नाही. मराठी कागदाचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर मात्र लागतं.

लग्न खरं आहे हे दाखवणं

अधिकाऱ्याला प्रेमकथा नको असते, सुसंगती हवी असते. ठरलं कसं, पहिली भेट कुठं, लग्नाला किती माणसं होती, नवरा कुठल्या पाळीत काम करतो. ठरवून केलेलं लग्न संशयास्पद नसतं, ते त्यांनाही माहीत आहे; फक्त दोघांची उत्तरं जुळली पाहिजेत. स्टुडिओतले शंभर पोझचे फोटो कमी करा. नातेवाइकांच्या गर्दीतले, अंबाबाईच्या दर्शनाचे, जोतिबाला गुलालाने माखलेले साधे फोटो जास्त बोलतात. लग्नानंतरचे फोनकॉल, पैसे पाठवल्याच्या नोंदी, मुलगा भेटायला आला त्याची तिकिटं जपून ठेवा.

पोचल्यावर

अमेरिकी नागरिकाची बायको लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत अमेरिकेत शिरली, तर तिला दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अट काढून घ्यायचा अर्ज भरायचा असतो. विसरलात तर स्टेटसच जातं. भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा, फोनवर लावा, आईला सांगून ठेवा.

"नवऱ्याच्या हातात सगळं, सोडलं की हाकलतील" ही भीती घालून बायकांना गप्प बसवलं जातं. इथं फरक समजून घ्या. एच-४वरच्या बाईचं स्टेटस खरंच नवऱ्यावर टांगलेलं असतं आणि घटस्फोट पक्का झाला की संपतं. सशर्त कार्डवालीचं तसं नाही. लग्न खरं होतं हे दाखवून, घटस्फोट झाला तरी, ती एकटी आय-७५१ भरू शकते. नवरा नागरिक किंवा कार्डवाला असेल आणि छळ करत असेल, तर त्याला न सांगता स्वतःचा अर्ज करायची सोय तिथल्या कायद्यात आहे. पासपोर्ट, कार्ड, विवाह प्रमाणपत्र यांचे फोटो माहेरच्या फोनवर असू द्या. मुलाकडच्यांनाही एक गोष्ट कळलेली बरी : बायकोसाठी भरलेलं आर्थिक हमीपत्र घटस्फोटाने संपत नाही.

तिकडे एकतर्फी घेतलेला घटस्फोट इथं आपोआप चालतो असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी खटल्यात सांगितलं की, लग्न ज्या कायद्याखाली झालं त्यातल्या कारणावर घटस्फोट नसेल आणि दुसऱ्या बाजूने त्या कोर्टाचा अधिकार मान्य केला नसेल, तर साधारणपणे तो हुकूम इथं ग्राह्य नाही. अशा बायकांसाठी राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीय कक्ष आहे.

नागरिकत्वाचा अर्ज ग्रीन कार्ड मिळाल्यावर पाच वर्षांनी करता येतो. नवरा नागरिक असेल आणि दोघं एकत्र राहत असतील तर तीन वर्षांनी. मोजणी कार्डाच्या तारखेपासून होते, लग्नाच्या नव्हे.

इतर देशांचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये जोडीदाराला कायम वास्तव्यासाठी साधारण पाच वर्षं लागतात. कॅनडात जोडीदार म्हणून कायम वास्तव्य मिळतं, पण नागरिकत्वाला लग्नाची सवलत नाही. पाच वर्षांत १,०९५ दिवस तिथं राहिलेलं दाखवावं लागतं. जर्मनीला जाणाऱ्या बहुतेक जोडीदारांना ए-१ पातळीचं जर्मन आधी शिकावं लागतं, नवरा ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर) असेल तर सूट आहे. दुबईचा राहण्याचा परवाना नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला असतो. तिथं "पाच वर्षं राहिलो म्हणजे नागरिक" असं काही नसतं.

भारताचं नागरिकत्व कधी जातं

परदेशी माणसाशी लग्न केल्याने जात नाही. ग्रीन कार्ड घेतल्यानेही नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की त्याच क्षणी जातं, तेही १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे. त्यानंतर भारतीय पासपोर्ट परत करून तसं प्रमाणपत्र घ्यायचं. "दोन्ही ठेवतो, कोण बघतंय" म्हणणारे विमानतळावर पकडले जातात आणि दंड भरतात.

परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे, नाव काहीही असो. तो आयुष्यभराचा व्हिसा समजा. मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. आपल्याकडे खरी ठिणगी इथं पडते. ऊसाची जमीन भावांत वाटायची असते आणि कुणीतरी म्हणतं, "तो आता अमेरिकन, त्याचा हक्क संपला." तसं नाही. वारसाने आलेली शेती ओसीआयवाल्याला मिळते. विकत घेता येत नाही एवढंच. शेती विकत घ्यायची बंदी तर भारतीय पासपोर्टवर परदेशात स्थायिक झालेल्यालाही आहे. मत मात्र त्याला देता येतं, नमुना ६-अ भरून आणि स्वतः मतदान केंद्रावर येऊन.

परदेशी सून किंवा जावई इकडे आला तर

लग्न झालं म्हणजे ती भारतीय झाली असं समजून लोक निवांत बसतात. तिला आधी प्रवेश व्हिसा लागतो, आणि तो १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर सामान्यतः आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइन होतो, जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं. लग्न नोंदवलेलं असेल आणि सलग दोन वर्षं टिकलं असेल तर ओसीआयसाठी अर्ज करता येतो. घटस्फोट झाला तर ते कार्ड जातं. पाकिस्तान किंवा बांगलादेशाच्या नागरिकांना ही सोय नाही. भारतीय नागरिकत्वासाठी सात वर्षं भारतात राहिलेलं असावं लागतं आणि आधीचं नागरिकत्व सोडावं लागतं. आधार कार्ड, रेशन कार्डात नाव किंवा पॅन यांपैकी काहीही नागरिकत्वाचा पुरावा नाही, मग ते कितीही वर्षं जुनं असो.

मुलं

भारतात जन्मलं म्हणजे भारतीय, हे फक्त १ जुलै १९८७च्या आधी जन्मलेल्यांबाबत सरसकट खरं आहे. त्या तारखेपासून आईवडिलांपैकी एक भारतीय लागतो. ३ डिसेंबर २००४पासून एक भारतीय असून भागत नाही, दुसरा बेकायदा स्थलांतरितही नसावा लागतो. ब्रिटनमध्येही १९८३पासून नुसत्या तिथल्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही; आई किंवा वडील ब्रिटिश अथवा तिथं कायम स्थायिक असावे लागतात. कितीतरी आजी-आजोबा नातू लंडनला जन्मला म्हणून त्याला 'गोरा साहेब' म्हणत असतात आणि त्याच्या हातात पासपोर्ट भारताचाच असतो.

परदेशात जन्मलेल्या बाळाला भारतीय ठेवायचं असेल, तर जन्मापासून एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय दूतावासात नोंद करा. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट त्याच्याकडे नाही असं आईवडिलांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते. बारसं घरी कोल्हापुरातच करायचं म्हणून लोक ही नोंद पुढे ढकलतात. बारसं थांबेल, नोंद आधी करा. आणि तिथल्या जन्मदाखल्यावर बाळाचं नाव लिहितानाच वडिलांचं मधलं नाव घालायचं की नाही, ते दोघांनी बसून ठरवा. नाहीतर वीस वर्षांनी तोच कागद घेऊन कुणाला तरी माझ्यासारख्याच्या टेबलापुढे बसावं लागेल.